सर चार्ल्स व्हीटस्टन : नावाचा जमाखर्च

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने एका शास्त्रज्ञाचे चरित्र लिहायला घ्यावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. मलाही ते वाटले. दहावीनंतर विज्ञानाचा आणि माझा संबंध सुटला तो सुटलाच. परंतु गेल्या वर्षी जानेवारीत, कापसाच्या एका खेपेपायी, दीडशे वर्षांपूर्वी वारलेल्या एका इंग्रज गृहस्थाशी माझी गाठ पडली. ती कशी पडली हे आधी सांगतो, म्हणजे पुढचे चरित्र का लिहिले हे ध्यानात येईल.

आमचे गाव सौंसर तालुक्यात आहे. प्रांत मध्य प्रदेश, पण घरात मराठी आणि कचेरीत हिंदी अशी आमची वहिवाट. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके छिंदवाडा जिल्ह्यातून निघाले आणि पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. संत्रा आणि कापूस ही आमच्याकडची दोन मुख्य पिके. वर्षाचा संसार या दोन पिकांवर चालतो, आणि ती दोन्ही शेवटी काट्यावर जातात. माझे शालेय शिक्षण तिकडेच मराठी माध्यमातून झाले. आजोळ बेळगावकडचे, आजी कन्नड बोलते, म्हणून बारावीनंतर मी इकडे आलो आणि या अंकाच्या दोन्ही विभागांचा वाचक झालो.

सुट्टीत घरी गेलो असता बाबांनी कापूस विकायला काढला. ट्रॉली भरून ट्रॅक्टर जोडला आणि वाटेत, रस्त्यालगतच्या एका धर्मकाट्यावर आम्ही वजन करून घेतले. आकडा आला ५,१८० किलो. तेथून खरेदीदाराच्या काट्यावर गेलो. तेथे आकडा आला ५,११०. सत्तर किलोंचा फरक! सत्तर किलो कापूस वेचायला किती पाठी वाकतात हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावे लागत नाही. माझा पारा चढला. काट्यावर एक वयस्क काका बसत असत. चार माणसांदेखत मी त्यांना चोर म्हटले. काका काही बोलले नाहीत. बाबांनी मला बाजूला घेतले आणि मिळाला तो पैसा घेऊन आम्ही परतलो.

परतीच्या वाटेवर बाबांनी रिकामी ट्रॉली पुन्हा पहिल्या काट्यावर घेतली. रिकामे वजन करण्याआधी मी सहज आकड्याच्या डब्याकडे पाहिले. काट्यावर काहीच नव्हते, आणि आकडा मात्र शून्यावरून तीसवर, तीसवरून सत्तरवर, पुन्हा वीसवर असा हिंडत होता. शेजारच्या दुकानात वेल्डिंग चालू होते. वेल्डिंग थांबले की आकडा शून्यावर येई, सुरू झाले की हिंडू लागे. ज्या काट्याच्या भरवशावर मी एका माणसाला चोर ठरवले होते, तोच काटा खोटा होता. त्यात कोणाची लबाडीही नव्हती.

दोन दिवसांनी नागपूरहून मेकॅनिक आला. त्याने एक वायर सोडवली, एक खड्डा ओला केला, आणि काटा स्थिर झाला. त्याने मला समजावून सांगताना एक नाव घेतले. व्हीटस्टन ब्रिज. त्या नावामागचा माणूस कोण, म्हणून मी वाचू लागलो. आणि वाचता वाचता असे आढळले की या माणसाच्या साऱ्या आयुष्यात, कोणते श्रेय कोणाच्या नावावर मांडायचे हाच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला होता. जमा कोणाची आणि नावे कोणाच्या, हा तर आमच्या शाखेचा पहिला धडा.

चार्ल्स व्हीटस्टनचा जन्म ६ फेब्रुवारी १८०२ रोजी इंग्लंडमधील ग्लॉस्टर शहराजवळच्या बार्नवुड या गावी झाला. वडील वाद्यांचे व्यापारी. चार्ल्स चार वर्षांचा असताना कुटुंब लंडनला आले. मुलगा अत्यंत लाजाळू. पुस्तक मिळाले की माळ्यावर जाऊन बसावे, असा त्याचा स्वभाव. लहानपणी त्याने साठवलेल्या पैशांतून व्होल्टाच्या विजेच्या शोधांवरील एक फ्रेंच पुस्तक विकत घेतले, आणि भावाबरोबर विद्युतघट बनवताना तांब्याच्या चकत्यांना पैसे उरले नाहीत तेव्हा तांब्याची नाणीच चकत्या म्हणून वापरली, अशी हकिकत सांगतात. ज्याच्याजवळ पैसा संपला त्याने पैशाचाच उपयोग करावा, ही युक्ती वाणिज्याच्या विद्यार्थ्यालाही आवडावी अशी आहे.

चौदाव्या वर्षी त्याला चुलत्यांच्या वाद्यांच्या दुकानात उमेदवारीला ठेवले. १८२३ साली चुलते वारले, तेव्हा तो आणि त्याचा भाऊ विल्यम यांनी धंदा हाती घेतला. पण चार्ल्सचे चित्त गल्ल्यात नव्हते, वाद्य वाजते कसे यात होते. १८२१ साली, म्हणजे एकोणिसाव्या वर्षी, त्याने लंडनकरांना एक चमत्कार दाखवला होता. छतापासून एका तारेने एक वीणेसारखे वाद्य टांगलेले असे. त्याला कोणी हात लावत नसे, तरी त्यातून संगीत निघे. खरे वादन वरच्या मजल्यावर चाले आणि कंपने तारेतून खाली उतरत. लोकांनी जादू म्हणून पाहिले; त्याने मात्र त्यातून एक गोष्ट मनाशी पक्की केली, की तारेतून दूरवर काहीतरी पाठवता येते. पुढे १८२९ साली त्याने तोंडाने वाजवायच्या एका वाद्याचे पेटंट घेतले आणि त्याच धर्तीवर कॉन्सर्टिना हे वाद्य सिद्ध केले. भाता आणि धातूची पाती यांवर वाजणारे हे वाद्य आपल्या पेटीच्या कुळातलेच.

विद्यापीठाची पदवी नसलेला हा वाद्यविक्रेता १८३४ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजात प्रायोगिक भौतिकीचा प्राध्यापक झाला. त्याच वर्षी त्याने तारेतील विजेचा वेग मोजण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. तारेत ठेवलेल्या फटींतून ठिणग्या पाडायच्या आणि वेगाने फिरणाऱ्या आरशात त्या पाहायच्या. मधली ठिणगी किंचित उशिरा पडली तर आरशात ती सरकलेली दिसते. त्याचे उत्तर सेकंदाला २,८८,००० मैल असे आले. प्रकाशाचा वेग सुमारे १,८६,००० मैल आहे, तेव्हा उत्तर चुकले हे उघड आहे. पण रीत चुकली नव्हती. फिरत्या आरशाची तीच रीत पुढे फ्रान्समधील फूको याने प्रकाशाचा वेग मोजण्यासाठी वापरली. उत्तर चुकूनही माणसाची जमा बाजू वाढू शकते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

प्राध्यापक झाला तरी व्याख्यान देणे त्याला जमले नाही. चार स्नेह्यांत रंगून बोलणारा हा माणूस सभेपुढे उभा राहिला की गळून जाई. अखेर त्याचे संशोधन रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये लोकांना समजावून सांगण्याचे काम त्याचा मित्र मायकेल फॅरडे याने अनेकदा केले. फॅरडे इतका मोठा वक्ता, तरी दुसऱ्याचे काम दुसऱ्याच्याच नावाने सांगत असे. वक्तृत्व स्पर्धेत पाय लटपटणाऱ्या माझ्यासारख्याला यातून धीर येतो, आणि बोलके असणाऱ्यांनी यातून फॅरडेचा धडा घ्यावा.

१८३७ साली व्हीटस्टनच्या आयुष्यात विल्यम कुक हा गृहस्थ आला. कुक हा हिंदुस्थानात नोकरी करून परतलेला लष्करी अधिकारी. त्याने विजेच्या तारायंत्राची कल्पना जर्मनीत पाहिली होती आणि तिचा धंदा करण्याची त्याला जिद्द होती. शास्त्र मात्र तोकडे पडत होते. व्हीटस्टनजवळ शास्त्र होते, धंद्याची हौस नव्हती. दोघांनी भागीदारी केली आणि १८३७ च्या जूनमध्ये तारायंत्राचे पेटंट घेतले. पाच चुंबकसूच्या असलेले हे यंत्र. दोन सूच्या वळल्या की त्या ज्या अक्षराकडे बोट दाखवीत ते अक्षर वाचायचे. १८३९ साली लंडनच्या पॅडिंग्टनपासून वेस्ट ड्रेटनपर्यंत १३ मैल रेल्वेच्या कडेने ही तार चालू झाली. पुढे जगभर रेल्वे गेली तेथे तार गेली. आमच्या पांढुर्ण्यावरून नागपूर-इटारसी लोहमार्ग जातो. तेथल्या जुन्या माणसांच्या आठवणीत स्टेशन आणि तार ही जोडीनेच येतात. आपल्या देशातील तारसेवा २०१३ साली बंद झाली, तोवर त्या वंशवेलीला पावणेदोनशे वर्षे होत आली होती.

यंत्र चालले, आणि भागीदार भांडले. तार कोणी शोधली? दोघांनी लवाद नेमले. थेम्स नदीखालचा बोगदा बांधणारे मार्क ब्रुनेल आणि विद्युतघटाचे संशोधक प्राध्यापक डॅनियल. १८४१ च्या एप्रिलमध्ये निवाडा झाला. तार व्यवहारात आणण्याचे श्रेय कुकचे, आणि ती व्यवहारात येऊ शकेल एवढा पाया घालणाऱ्या संशोधनाचे श्रेय व्हीटस्टनचे, असा त्याचा सारांश. ताळेबंद दोन्ही बाजूंनी जुळला. तरीही पुढे १८५४ च्या सुमारास कुकने पत्रके काढून वाद पुन्हा उकरला.

व्हीटस्टनच्या खात्यात एक काळी नोंदही आहे आणि ती लपवणे बरे नव्हे. १८४० साली अलेक्झांडर बेन नावाचा गरीब स्कॉटिश घड्याळजी आपल्या विजेच्या घड्याळाची कल्पना घेऊन त्याच्याकडे गेला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात व्हीटस्टनने रॉयल सोसायटीपुढे विजेचे घड्याळ आपले म्हणून सादर केले. आपली कल्पना चोरली असा आरोप बेनने केला आणि अनेकांना तो खरा वाटला. मोठ्या नावाच्या माणसाजवळ लहान नावाचा माणूस गेला की हिशेबात अशी गफलत होऊ शकते, एवढे तरी यातून कळते.

आता ज्या शोधामुळे मी या माणसापर्यंत पोहोचलो तो शोध. १८४३ साली व्हीटस्टनने रॉयल सोसायटीपुढे एक मोठा निबंध मांडला. जर्मन शिक्षक ओहम याने १८२७ साली सांगितलेला नियम इंग्लंडमध्ये रुजवण्यात या निबंधाचा वाटा मोठा. त्यात विजेचा रोध मोजण्याची एक रचना होती. चार रोध चौकटीसारखे जोडायचे, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना विद्युतघट लावायचा आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांमध्ये विद्युतधारा दाखवणारे यंत्र ठेवायचे. व्हीटस्टनने याला दिलेल्या नावाचा अर्थ फरकाने रोध मोजणारे साधन असा होतो.

आमच्या संत्र्याच्या बागेत ही रचना मला बरी समजली. समजा, एका विहिरीवरून पाण्याचे दोन पाट शेजारी शेजारी निघाले आणि दोन्ही खाली एकाच नाल्याला मिळाले. मध्यावर कोठेतरी एका पाटातून दुसऱ्यात एक आडपाट काढला. जेथे तो जोडला ती दोन्ही ठिकाणे सारख्या उंचीवर असतील, तर आडपाटातले पाणी हलणार नाही. एक ठिकाण केसभर वर असेल तर पाणी तिकडून इकडे वाहू लागेल. मुख्य पाटांत पाणी जोरात आहे की मंद, याचा समतोलावर परिणाम होत नाही. विद्युतघट थोडा उतरला तरी ब्रिजचा समतोल बिघडत नाही, तो याच कारणाने. किती आहे हे विचारण्यापेक्षा दोहोंत फरक आहे का हे विचारले, की उत्तर फार नेमके मिळते. आडपाट म्हणजेच पूल, इंग्रजीत ब्रिज.

साऱ्या जगात याला व्हीटस्टन ब्रिज म्हणतात. पण ही रचना व्हीटस्टनची नव्हे! वूलिच येथील लष्करी विद्यालयात गणित शिकवणारे सॅम्युएल हंटर ख्रिस्टी यांनी ती १८३३ सालीच प्रसिद्ध केली होती. ती कोणाच्या लक्षात आली नाही. व्हीटस्टनने तिचा उपयोग ओळखला, दाखवला, आणि त्याच निबंधात ती ख्रिस्टींची आहे हे नमूद केले. त्याने स्वतः खाते चोख लिहिले, जगाने मात्र नाव चुकीच्या खात्यात टाकले. ख्रिस्टी १८६५ साली वारले. आज त्यांचे नाव क्वचितच कोणी घेतो.

या चुकीची परतफेडही काळाने विचित्र रीतीने केली. १८५४ साली व्हीटस्टनने गुप्त संदेश लिहिण्याची एक पद्धत शोधली. एकेक अक्षर न बदलता अक्षरांच्या जोड्या बदलायच्या, अशी ती युक्ती. त्याचे मित्र लॉर्ड प्लेफेअर यांनी ती सरकारदरबारी मांडली, इंग्रजी सैन्याने पुढे युद्धांत वापरली, आणि तिचे नाव पडले प्लेफेअर सायफर. ख्रिस्टींचे श्रेय व्हीटस्टनकडे आले, व्हीटस्टनचे प्लेफेअरकडे गेले.

तिसरे उदाहरण दोन डोळ्यांचे. १८३८ साली त्याने दाखवून दिले की आपले दोन डोळे एकाच वस्तूची दोन किंचित वेगळी चित्रे पाहतात आणि त्या फरकातूनच आपल्याला खोली कळते. दोन चित्रे आरशांनी एकत्र दाखवणारे यंत्र त्याने केले, तो स्टिरिओस्कोप. पुढे ब्रूस्टर यांनी भिंगांचा सुटसुटीत स्टिरिओस्कोप काढला, तो घरोघर गेला आणि बहुतेकांना तोच पहिला वाटला. या शोधाचे मला विशेष वाटते. दोन भाषांत वाढलेल्या मुलाला एकाच गोष्टीची दोन किंचित वेगळी चित्रे दिसतात. लहानपणी आजीचे कन्नड आणि बाबांचे मराठी यांचा घोटाळा होई. आता वाटते, एक डोळा झाकला असता तर काही गोष्टी मला सपाटच दिसल्या असत्या.

१८४७ साली त्याचा एमा वेस्ट हिच्याशी विवाह झाला. त्यांना पाच मुले झाली. १८६६ साली पत्नी वारली आणि मुलांचा सांभाळ त्याच्यावर आला. १८६८ साली त्याला सर ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी रॉयल सोसायटीचे कोप्ले पदकही. समुद्राखालून जाणाऱ्या तारांच्या एका उपकरणावर काम करीत असता पॅरिसमध्ये त्याला थंडी बाधली आणि १९ ऑक्टोबर १८७५ रोजी त्याचे निधन झाले. लंडनमधील केन्सल ग्रीन येथे त्याला पुरले आहे.

तो गेला आणि त्याचा पूल कामाला लागला. १८५६ साली विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांना आढळले होते की तार ताणली की तिचा रोध बदलतो. १९३८ साली अमेरिकेत सिमन्स आणि रूज या दोघांनी एकमेकांना ठाऊक नसता ताण मोजणारी बारीक तार पृष्ठभागावर चिकटवून दाखवली. तिला स्ट्रेन गेज म्हणतात. आपल्या धर्मकाट्याखाली पोलादाचे जे ठोकळे असतात त्यांना लोडसेल म्हणतात. एकेका ठोकळ्यावर असे चार गेज व्हीटस्टनच्या चौकटीत चिकटवलेले असतात. ट्रक वर आला की ठोकळा डोळ्यांना न दिसेल इतका वाकतो, दोन गेज ताणले जातात, दोन आखडतात आणि आडपाटाच्या दोन टोकांत फरक पडतो.

हा फरक किती असतो? साधारणपणे चौकटीला दिलेल्या दर व्होल्टमागे पूर्ण वजनाला २ मिलिव्होल्ट. म्हणजे १० व्होल्ट दिले तर २० मिलिव्होल्ट. समजा, काटा ६० टनांचा आहे आणि पूर्ण ६० टनांना २० मिलिव्होल्ट मिळतात. मग एक मिलिव्होल्ट म्हणजे ३ टन. आमचे सत्तर किलो म्हणजे एका मिलिव्होल्टच्या चाळिसाव्या हिश्श्याहूनही कमी. टॉर्चमधला सेल दीड व्होल्टचा असतो. त्याच्या साठ हजाराव्या भागाइतका हा आकडा. इतक्या बारीक फरकावर शेतकऱ्याचा आणि व्यापाऱ्याचा व्यवहार ठरतो.

एवढा लहान फरक वेल्डिंग, मोटारी आणि विजेच्या तारांच्या गोंगाटात टिकतो कसा? काट्याचे यंत्र दोन तारांपैकी एकीचा दाब जमिनीशी ताडून पाहत नाही; दोन्ही तारांतली वजाबाकी पाहते. १० व्होल्टच्या चौकटीत दोन्ही तारा मुळात सुमारे ५ व्होल्टवर उभ्या असतात. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखा चढला तर वजाबाकीत तो उडून जातो. पण सारखा चढला तरच! तारांभोवती संरक्षक जाळी असते आणि ती एकाच टोकाला जमिनीला जोडायची असते. त्या धर्मकाट्यावर कोणी तरी भल्या बुद्धीने ती दोन्ही टोकांना जोडली होती, खड्ड्यातही आणि खोलीतही. त्यातून खोलीकडच्या अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला होता. वेल्डिंग सुरू झाले की दोन ठिकाणच्या जमिनींच्या दाबात फरक पडे आणि जाळीतून धारा वाहू लागे. आपण जमीन म्हणजे सर्वत्र शून्य धरून चालतो, पण दोन ठिकाणची जमीनही सारखी असतेच असे नाही. मेकॅनिकने एक टोक सोडवले, खड्ड्यात कोळसा-मीठ घालून पाणी ओतले आणि आकडा जागेवर आला.

मी त्याला विचारले, मग जमिनीशी अजिबात संबंधच ठेवला नाही तर? त्याने पिशवीतून मोजणीचे एक लहान यंत्र काढले आणि त्याच्या वजाबाकीच्या दोन टोकांना एक सुटा सेल जोडला. दीड व्होल्ट दिसायला हवे होते. आकडा भरकटत कोठल्या कोठे गेला. त्याने दोन्ही टोकांपासून यंत्राच्या जमिनीला एकेक रोध जोडला, आणि आकडा दीडवर येऊन बसला. कारण असे की यंत्राच्या प्रत्येक टोकाला अगदी सूक्ष्म धारा लागते. तिला परतीची वाट नसेल तर सेलची दोन्ही टोके मिळून वर वर चढत जातात आणि यंत्राच्या आवाक्याबाहेर निघून जातात. दोन घागरी झाडाला एकाच दोराने टांगल्या तर त्यांच्यातला उंचीचा फरक कायम राहतो, पण त्या खिडकीच्या वर झुलल्या तर खिडकीतून पाहणाऱ्याला तो दिसायचा कसा? खुंटीला बांधलेल्या हलक्या दोऱ्या त्यांना खिडकीसमोर ठेवतात. त्या दोऱ्या म्हणजे हे रोध. त्यांना बायस रेझिस्टर म्हणतात आणि ते बहुधा १० हजार ते १ लाख ओहमचे असतात. फार लहान घेतले तर मोजायच्या वस्तूवरच ओढ बसते, फार मोठे घेतले तर धरून ठेवत नाहीत. दोन्ही बाजूंना सारखे हवेत, नाही तर बाहेरचा गोंगाट एका बाजूला जास्त चढून फरकात मिसळतो. लोडसेलला हे रोध लागत नाहीत, कारण त्याची चौकट त्याच यंत्राच्या विजेवर चालते आणि जमिनीशी तिचे नाते आधीच जुळलेले असते. सुट्या, तरंगत्या उगमाला मात्र ते हवेतच.

वाचकहो, मी तंत्रज्ञ नाही. पण हे समजल्यावर माझे मलाच बरे वाटेना. दोन काट्यांच्या आकड्यांत फरक पडला, एवढेच मला त्या दिवशी ठाऊक होते. कोणता काटा चुकला हे नुसत्या फरकावरून सांगता येत नाही. त्यासाठी पाय टेकायला काहीतरी पक्के लागते. मी न टेकताच निकाल दिला, आणि चूक एका निरपराध माणसाच्या नावे टाकली. बेनच्या खात्यात जो अन्याय झाला असे लोक म्हणतात, तसाच माझ्या हातून झाला होता. फरक इतकाच की मला व्हीटस्टनसारखे कोणतेही श्रेय नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुन्हा घरी गेलो. खरेदीदाराच्या त्या काट्यावर गेलो, तेव्हा आतबाहेर बरीच गर्दी होती. काका तेथेच बसलेले होते. ज्या चार माणसांदेखत मी बोललो होतो, त्यांतली दोन तरी त्या दिवशी हजर होती याची मी आधी खात्री करून घेतली, आणि मग त्यांच्यादेखत काकांची क्षमा मागितली. काकांनी मान हलवली आणि पुढच्या ट्रॅक्टरला काट्यावर घेतले. मी थोडा वेळ उभा राहून आकडा पाहिला. ट्रॉली चढली, आकडा धावला आणि थांबला. जागचा हलला नाही.

माणसाच्या नावाचा जमाखर्च आयुष्यभर चालतो आणि मेल्यावरही बंद होत नाही. तो लिहिणारे हात बहुतेकदा दुसऱ्यांचे असतात, माझ्यासारख्यांचे, म्हणून ते जपून चालवावेत. व्हीटस्टनने ख्रिस्टींचे नाव लिहून ठेवले होते, म्हणूनच आज मला ते या पानावर लिहिता आले.